मॅडम वॉकर आणि केसांचा धंदा

१८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक पुण्यास छापून निघालें. नवरा मेला कीं बायकोच्या डोईवरचे केस न्हाव्याकडून उतरवावयाचे, या रीतीवर त्यांत सडकून टीका आहे. देऊळघाट-बुलढाण्याच्या त्या डोंगराळ मुलखांतून एका बाईनें पुरुषांस असा जाब विचारावा, ही वऱ्हाडास भूषणावह गोष्ट होय. पुढें १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हावी मंडळी एकत्र जमली व विधवांचें वपन यापुढें करावयाचें नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. हातचें उत्पन्न सोडणें हातावर पोट असणाऱ्यांस सोपें नव्हतें.

त्याच सुमारास साता समुद्रांपलीकडे दुसरी एक तरुण विधवा आपल्या केसांच्या काळजींत होती. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक ज्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें, तिच्याच लुइझिआना प्रांतांत, कापसाच्या मळ्यावर, १८६७ च्या डिसेंबरांत सारा ब्रीडलव्ह जन्मली. आईबाप गुलामींत राबलेले. ही मात्र स्वतंत्र जन्मली. सातव्या वर्षीं पोरकी, चौदाव्या वर्षीं लग्न, विसाव्या वर्षीं वैधव्य, आणि पदरीं एक मुलगी. ही हकीकत आपल्याकडील कोणत्याही गांवची वाटावी! भेद इतकाच कीं, तिच्या केसांस वस्तरा कोणी लावला नाहीं. ते आपण होऊनच गळूं लागले.

सेंट लुईस शहरीं तिचे भाऊ न्हाव्याचा धंदा करीत. तेथें ती लोकांचे कपडे धुऊन पोट भरी. गरिबांच्या घरीं नळ नसे, म्हणून डोक्यावरून न्हाणें वरचेवर घडत नसे. टाळूस कोंडा व खवडे होत. हें दुखणें तिच्या एकटीचें नव्हतें. असंख्य कृष्णवर्णीय बायकांचें होतें. त्यांच्यासाठीं मलम करून दारोदार विकण्याचा उद्योग ॲनी टर्नबो या बाईनें आधींच सुरू केला होता, आणि सारा प्रथम तिचाच माल विकीत असे. वॉकरबाईंचें कौतुक करतांना या ॲनीचा पुष्कळांस विसर पडतो, हें न्यायाचें नव्हे.

१९०५ सालीं सारा डेन्व्हरला गेली. पुढल्या वर्षीं चार्ल्स जोसेफ वॉकर या गृहस्थाशीं तिनें विवाह केला आणि ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नांवानें आपला स्वतःचा माल काढला. मलमांत गंधक व व्हॅसलिनसारखा स्निग्ध पदार्थ असे. गुण मलमाचा किती आणि केस वरचेवर धुण्याचा किती, हें सांगणें कठीण. पण धुणें, चोळणें, मलम लावणें व तापविलेली फणी फिरविणें ही सारी पद्धतच ती शिकवी. केस सरळ करणें म्हणजे गोऱ्यांची नक्कल, असा आक्षेप तिच्या समाजांतूनच निघाला. तो सर्वस्वी खोटा म्हणतां येत नाहीं. मात्र आपला हेतु टाळूच्या आरोग्याचा, असें तिचें सांगणें असे.

खरी करामत मलमाच्या डबींत नव्हती. १९०८ सालीं पिट्सबर्ग येथें तिनें शिक्षणाचा वर्ग काढला. १९१० सालीं इंडियानापोलिसला पेढी हलविली व तेथें कारखाना उभारला. धुणीं-भांडीं करणाऱ्या बायका हें काम शिकून स्वतःच्या मिळकतीवर उभ्या राहूं लागल्या. १९१२ सालीं शिकागोस कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची परिषद भरली असतां अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन तिला बोलूं देईनात. तेव्हां ती जागेवरून उठली आणि बोललीच.

१९१७ च्या ऑगस्टांत फिलाडेल्फियास तिच्या विक्रेत्या बायकांचें पहिलें अधिवेशन भरलें. दोनशेंवर बायका आल्या होत्या. अधिक माल विकणारीस बक्षीस होतें, तसेंच अधिक दानधर्म करणारीसही होतें. त्याच्या आधींच्या महिन्यांतच ईस्ट सेंट लुईस येथें गोऱ्यांच्या जमावानें कृष्णवर्णीयांची कत्तल केली होती. असे प्रकार पुन्हां होऊं नयेत म्हणून काँग्रेसनें कायदे करावे व अध्यक्षांनीं त्यासाठीं आपलें वजन खर्चावें, अशी तार या केसांचा धंदा करणाऱ्या बायकांनीं अध्यक्ष विल्सन यांस पाठविली.

मॅडम वॉकर १९१९ च्या मे महिन्यांत वारली. जमावानें केलेली हत्या हा मध्यवर्ती सरकारचा गुन्हा ठरविणारा कायदा अमेरिकेंत झाला तो २०२२ सालीं.