पडद्यावरची पहिली पाटी

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर जी नावे येतात त्यांना आपल्याकडे पाट्या म्हणतात. शाळेतली पाटी आणि ही पाटी, शब्द एकच. शाळकरी पोरांच्या चित्रपटाविषयी बोलताना हे विसरून चालत नाही. पाटीवर पहिले अक्षर कोणते गिरवायचे, हे पोराने ठरवायचे नसते.

मूकपटांच्या काळी पाट्यांवाचून कथा पुढे सरकत नसे. ज्याला अक्षरओळख असे तो शेजारच्याला वाचून दाखवी. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. तेव्हा आमची परभणी निजामाच्या राज्यात होती. राज्यकारभार उर्दूत, आणि १९१८ साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या पोराला शिकून वर चढायचे, तर उंबऱ्याबाहेर जीभ बदलावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हे राज्य संपले. पुढे पाचच वर्षांनी आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' आला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्या नावातल्या शब्दांचा अर्थ मराठी माणसाला कुणाला विचारावा लागला नाही.

आता नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' घ्या. तो १४ फेब्रुवारी २०१४ रोजी चित्रपटगृहांत आला. हा शाळेतल्या पोराचाच चित्रपट. जब्या वर्गातल्या शालूवर जीव टाकतो, एवढीच त्याची कागाळी. पण आरंभी वर्ग नाही, फळा नाही. आरंभी रान आहे, पोराच्या हाती गलोल आहे, आणि तो काळ्या चिमणीच्या मागावर आहे. तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल, हा त्याचा समज पुढे कळतो. शाळेच्या चित्रपटात शाळेआधी रान दाखवणे हे काही सजावटीसाठी केलेले नाही. ज्या जागेवर पोराचा हक्क कुणी विचारत नाही, तिथून कथा सुरू होते.

आणि ते नाव! अक्षरे सगळी देवनागरी, वाचायला अडचण नाही. अर्थ मात्र लागत नाही. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. कैकाडी द्रविड कुळातली. तमिळमध्ये डुकराला जो शब्द आहे तो याचा सख्खा भाऊ शोभावा. जब्याच्या घरचा हा शब्द गावात त्याची हेटाळणी करायला वापरतात. म्हणजे अर्थ कळतो तो कोशातून नव्हे, पोराच्या अपमानातून. एका शब्दापुरते का होईना, चांगले शिकलेसवरलेले प्रेक्षक इथे निरक्षर होतात.

उर्दूने आमची मराठी दाबली, हे आम्ही मराठवाड्यातले लोक दर सप्टेंबरात मोठ्या आवाजात सांगतो. मीही सांगतो. पण पोरांच्या वह्यांतले घरचे शब्द तांबड्या शाईने खोडणाराही मीच. 'शुद्ध लिही' म्हणताना आपण कोणाच्या गादीवर बसलो आहोत, हे मला कधी सुचले नाही.

चित्रपटाच्या शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. मग नावे सरकू लागतात. एरवी या वेळी मी चप्पल शोधत असतो.