तीन वर्तुळांचं उत्तर

बारामती असो की इंदापूर, संगणक शाखेच्या व्हायव्हात जावाचा एक प्रश्न हटकून येतो: जेडीके, जेआरई आणि जेव्हीएम यांत फरक काय? पोरं एकात एक तीन वर्तुळं काढतात. आत जेव्हीएम, त्याला लायब्ररी जोडली की जेआरई, त्यावर जावासी हा कंपायलर वगैरे अवजारं आली की जेडीके. लिहिणाऱ्याला जेडीके, नुसतं चालवणाऱ्याला जेआरई. मार्क मिळतात.

हा पूर्वपक्ष निराधार नाही. जावा 8 पर्यंत जेडीकेच्या फोल्डरात जेआरईचा वेगळा फोल्डर असे, त्यात आरटी.जार, अवजारांची टूल्स.जार निराळी. सप्टेंबर 2017 मध्ये जावा 9 ने ही मांडणीच मोडली. दोन्ही जार गेल्या, मोड्यूल आले. पुढच्या वर्षी जावा 11 पासून ओरॅकलने स्वतंत्र जेआरई देणं थांबवलं. अडॉप्टियमसारखे इतर वितरक अजून देतात, हे खरं. पण ती जेआरईही निवडक मोड्यूलांची एक जुळणीच. जेडीकेतल्या जेडेप्स या अवजाराने गरज तपासून, जेलिंक या दुसऱ्याने आपल्या प्रोग्रामपुरता रनटाइम आपणही बांधू शकतो. मग मधलं वर्तुळ नेमकं कुठे काढायचं?

खरी चूक मात्र याहून खोल आहे: कंपाइल करणं अवजारांचं काम, रनटाइमने फक्त चालवायचं, ही समजूत. जावासी बाइटकोड देतो, त्यात ऑप्टिमायझेशन नाममात्र. खरी मेहनत हॉटस्पॉट या जेव्हीएममधले सी1 आणि सी2 हे कंपायलर प्रोग्राम चालू असतानाच करतात, आणि त्यांचा अंदाज चुकला तर जेव्हीएम तयार कोड टाकून पुन्हा इंटरप्रिटरकडे वळतं. साखर कारखान्यात मोठी दुरुस्ती हंगाम संपल्यावर निघते; इथे गाळप चालू ठेवूनच यंत्र बदलतात.

उलट बाजूने, जावासी हा स्वतःच जावात लिहिलेला, जेव्हीएमवर चालणारा प्रोग्राम. जावा 6 पासून चालू प्रोग्रामही त्याला हाक मारू शकतो.

सर्व्हरवर कंपायलर कशाला, हा आक्षेप मला मान्य आहे. रनटाइम आटोपशीर असावा, नको ते त्यात नसावं. पण ती मोड्यूलांची निवड झाली, भाषेतली भिंत नव्हे.

व्हायव्हात विचारायचंच तर हे विचारावं: जेडीके.कंपायलर हे मोड्यूल वगळून रनटाइम बांधला, तर जावा 11 ची थेट सोर्स फाइल चालवण्याची सोय का बंद पडते? आणि त्याच रनटाइमवर टॉमकॅट हा वेब सर्व्हर जेएसपीचं नवं पान कंपाइल कसं करतो? दुसऱ्याचं उत्तर टॉमकॅटच्याच लिब फोल्डरात आहे: तो एक्लिप्सचा कंपायलर सोबत घेऊन येतो.