बिनपगारी प्रजासत्ताक

ज्याला आपण पगार देत नाही त्याला हुकूम कसा करावयाचा? लग्नघरापासून देवळाच्या जीर्णोद्धारापर्यंत हा प्रश्न सर्वांनाच पडतो, आणि बहुधा एखादा दांडगा आवाज तो परस्पर सोडवून टाकतो. परंतु देशोदेशी विखुरलेल्या, एकमेकांची तोंडेही क्वचितच पाहिलेल्या शेकडो माणसांनी त्याचे उत्तर कलमवार लिहून काढले आणि ते आपले संविधान म्हणून आजतागायत चालविले आहे. त्या संस्थेचे नाव डेबियन.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या विशीतल्या तरुणाने तिची घोषणा केली. संगणकाच्या यंत्रणेचा गाभा, म्हणजे लिनक्स, दोनच वर्षांपूर्वी फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जगापुढे ठेवला होता. पण नुसत्या चुलीने काही स्वयंपाक होत नाही. लिहिण्याचे, छापण्याचे, निरोप धाडण्याचे नाना प्रोग्रॅम गोळा करून ते एकमेकांशी जुळवून द्यावे, आणि हे काम सर्वांनी मिळून, सर्वांच्या डोळ्यांदेखत करावे, ही मर्डॉकची कल्पना. नावात मात्र त्याने खाजगी जिव्हाळा घातला: प्रेयसी डेब्रा आणि आपण इयन, दोघांची नावे जोडून डेबियन!

एकेका प्रोग्रॅमचे गाठोडे एकेकाने सांभाळावयाचे, अशी वाटणी झाली. मर्डॉकनंतर ब्रूस पेरेन्स प्रमुख झाला. त्याच्या कारकिर्दीत, जुलै १९९७ मध्ये, 'सामाजिक करार' मंजूर झाला: आमची यंत्रणा सदैव मुक्त राहील, आम्ही तिच्यातील दोष लपविणार नाही, वापरणाऱ्यांचे हित पुढे ठेवू. ही झाली बाहेरच्यांना दिलेली वचने. घरात भांडण लागले तर शेवटचा शब्द कोणाचा? त्याचे उत्तर पुढच्या प्रमुखाच्या वेळी, डिसेंबर १९९८ मध्ये, संविधानाने दिले. हा प्रमुखही इयनच, इयन जॅक्सन.

मला या संविधानातले सर्वांत धीट कलम वाटते ते हे, की कोणावरही काम करण्याची सक्ती नाही. सोपविलेले काम नको असेल तर करू नये. मात्र रीतसर ठरलेल्या गोष्टींना मुद्दाम सुरुंग लावू नये. एकदा हे मान्य केले की बाकीचे आपोआप नरम होते. प्रमुख दरवर्षी निवडावयाचा, आणि त्याचा निर्णय सभासदांनी मतदानाने फिरवावयाचा. तांत्रिक वादासाठी एक समिती आहे, पण तिच्याकडे जावयाचे ते सर्व उपाय थकल्यावर. तिने स्वतः नवे काही आखू नये, पुढे आलेल्या मार्गांतून निवड करावी. गाठोडे सांभाळणाऱ्याचा निर्णय तिला मोडावयाचा असेल, तर विरोधातील मतांच्या तिप्पट मते लागतात. जो राबतो त्याचा शब्द सहजी खाली पडू नये, हा यातला कावा. मला तो फार पटला.

मतदानाची रीतही निराळी. सभासदाने एकावर शिक्का मारावयाचा नाही, तर पर्यायांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम द्यावयाचे. मग प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडीजोडीने झुंज लावतात. हे तत्त्व कोंदोर्से या फ्रेंच गणित्याच्या नावाने ओळखतात. त्याने मतदानावरचा ग्रंथ १७८५ मध्ये लिहिला, १७९३ मध्ये क्रांतीनंतरच्या फ्रान्ससाठी संविधानाचा मसुदा केला, तो बाजूला पडला, आणि पुढच्याच वर्षी तो कैदेत मेला. त्याच्या युक्तीला दोनशे वर्षांनी संगणकवाल्यांच्या घरी असा आसरा मिळाला.

खरी कसोटी २०१४ मध्ये लागली. संगणक सुरू होताच बाकी सर्वांना उठविणारा जो पहिला प्रोग्रॅम, तो जुनाच ठेवावा की सिस्टमडी नावाचा नवा घ्यावा, यावर वाद पेटला. समितीत आठ माणसे. चार इकडे, चार तिकडे. फेब्रुवारीत अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आला. त्या समितीत इयन जॅक्सन विरुद्ध बाजूला होता. कोणत्याही प्रोग्रॅमने एकाच पहिल्या प्रोग्रॅमवाचून अडून बसू नये, असा ठराव त्याने सर्व सभासदांपुढे आणला. नोव्हेंबरमध्ये मते मोजली, तेव्हा 'असल्या ठरावाची मुळी गरजच नाही' हा पर्याय जिंकला! ज्याने संविधान घडविण्यात हात घातला, तोच त्याच्या रीतीने हरला. त्याने समितीचा राजीनामा दिला. आणखीही काही जुनी माणसे त्या महिन्यात बाजूला झाली.

काहींनी तर वेगळी चूलच मांडली. तिचे नाव देवुआन. २०१७ मध्ये त्यांची पहिली पक्की आवृत्ती निघाली. ही भावकीतली वाटणी नव्हे. येथे परवान्यानेच नक्कल करण्याची मुभा असल्यामुळे दोघांच्याही हाती अख्खे घर येते. जाते ते फक्त माणूसबळ. बिनपगारी संस्थेत प्रमुखाला धाक असतो तो याचाच. मागे राहिलेल्यांनीही त्याच डिसेंबरात ठराव करून समितीच्या सभासदांना मुदतीची मर्यादा घातली. पूर्वी तेथे माणूस कितीही वर्षे बसू शके.

मार्च २०१९ मध्ये निराळाच पेच पडला. प्रमुखपदासाठी मुदतीत एकही अर्ज आला नाही. सत्तेला उमेदवारच नाही! पण याचीही तजवीज कलमात होती: अर्ज न आल्यास मुदत आठवड्याने वाढवावी, लागल्यास पुनःपुन्हा वाढवावी. आठवडा वाढला, तशी माणसे पुढे आली, आणि एप्रिलमध्ये सॅम हार्टमन वर्षभरासाठी निवडून आला.