विमानातील करमणूक यंत्रणा आणि श्रवणयंत्रे

विमानातील करमणूक यंत्रणा आणि श्रवणयंत्रे : आसनापुढच्या पडद्यावरील चित्रपट वा संगीत श्रवणयंत्रातून सुरक्षितपणे ऐकण्याच्या पद्धती. उड्डाणात केबिनमधील गोंगाट साधारण ७५ ते ८५ डेसिबेल असतो आणि श्रवणयंत्राचा मायक्रोफोन तोही टिपतो. त्यामुळे मायक्रोफोन टाळून आवाज थेट यंत्रात पोचवणे श्रेयस्कर.

टीडब्ल्यूए कंपनीने १९६१ मध्ये नियमित उड्डाणांत चित्रपट दाखवण्यास सुरुवात केली. त्या दशकात रूढ झालेल्या हेडसेटमध्ये ध्वनी पोकळ नळ्यांतून कानापर्यंत येई. नळीभोवती चुंबकीय क्षेत्र नसल्याने श्रवणयंत्रातील टेलिकॉइल तेथे निरुपयोगी होते. विजेवर चालणारे हेडफोन आल्यावरच हा मार्ग खुला झाला.

टेलिकॉइल म्हणजे यंत्रातील तांब्याच्या तारेचे बारीक वेटोळे. आसनाच्या जॅकला गळ्यात घालायचा नेकलूप जोडून यंत्र ‘टी’ वर ठेवले की नेकलूपच्या चुंबकीय क्षेत्रामुळे टेलिकॉइलमध्ये विद्युत संकेत निर्माण होतो. यात जोडणीच्या परवलीची वा आवाज मागे पडण्याची अडचण नाही. म्हणूनच ब्लूटूथच्या काळातही यंत्र निवडताना टेलिकॉइल सोडू नये. दोष एकच, पण त्रासदायक : विमानाचा वीजपुरवठा बहुधा ४०० हर्ट्झचा असतो आणि त्याची घरघर टेलिकॉइल टिपते. घरगुती ५० हर्ट्झची घरघर बोलण्याच्या पट्टीखाली राहते, ही मात्र थेट त्या पट्टीत शिरते. मान किंचित वळवल्यास वेटोळ्याची दिशा बदलून ती कमी होते. दुहेरी जॅकमध्ये एकेरी पिन घातली तर बहुधा एकाच बाजूचा आवाज येतो. त्यासाठी जोडपिन लागते.

ब्लूटूथ असलेली सगळी श्रवणयंत्रे आसनाच्या पडद्याशी जुळत नाहीत, कारण अनेकांची संदेशपद्धती ठरावीक फोनपुरती असते. अशा वेळी पडद्याचा आवाज यंत्राकडे पाठवणारा उत्पादकाचा स्ट्रीमर मध्ये लावावा लागतो.

कानामागच्या यंत्रावर मोठ्या कपाचे हेडफोनही चालतात. मायक्रोफोन कानाच्या वर असल्याने कप थोडा वर सरकवावा. फार दाबल्यास शिट्टी वाजते.

सुरक्षितता : यंत्र काढून ठेवून साध्या हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवणे सर्वांत घातक, कारण उरलेली श्रवणशक्ती त्यात धोक्यात येते. यंत्राला तपासणीत ठरवलेली कमाल मर्यादा असते, हेडफोनला तशी नसते. जोडणीपूर्वी आवाज अगदी कमी करावा, कारण मध्येच येणारी घोषणा चित्रपटापेक्षा मोठी असू शकते. आसनाच्या जॅकमधून ऐकणाऱ्यास ती घोषणा सहसा त्याच वाटेने मिळते. स्वतःच्या फोनवर चित्रपट पाहणाऱ्यास मिळत नाही. त्याने मायक्रोफोन व टेलिकॉइल एकत्र चालणारी योजना ठेवावी आणि उड्डाण व उतरताना करमणूक बंद करावी. सुटे लिथियम सेल हातसामानातच न्यावेत.

नियम : अमेरिकेच्या विमानवाहतूक नियमांतील कलम ९१.२१ नुसार श्रवणयंत्रांना, पेसमेकरप्रमाणेच, इलेक्ट्रॉनिक उपकरणांवरील बंदीतून सूट आहे. ती स्ट्रीमरला लागू धरू नये. तेथे विमान कर्मचाऱ्यांची सूचना पाळावी.

कॉक्लिअर इम्प्लांट : प्रोसेसरमध्ये टेलिकॉइल असल्यास नेकलूपची पद्धत हीच.