व्यसनोपचार, गोंदिया परिसरातील

व्यसनोपचार, गोंदिया परिसरातील : अफू व तिच्यापासून बनणारी द्रव्ये, मद्य आणि इतर मादक पदार्थ यांच्या अधीन झालेल्या व्यक्तींना वैद्यकीय साहाय्य मिळण्याचा या भागातील इतिहास. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा भंडारा जिल्ह्याच्या विभाजनाने १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा इतिहास ओघानेच भंडारा जिल्ह्याचा व जुन्या मध्य प्रांताचा आहे.

ब्रिटिश अमदानीत अफू हा मुख्यतः महसुलाचा विषय होता. १८७८ च्या अफू अधिनियमान्वये तिची लागवड, वाहतूक व विक्री सरकारी नियंत्रणाखाली आली आणि परवानाधारक दुकानांतून ठराविक मर्यादेपर्यंत ती उघडपणे मिळू लागली. लोकांच्या लेखी अफू ही केवळ नशा नव्हती. हगवण, खोकला, अंगदुखी व हिवताप यांवर ती घेतली जाई. रडणारे मूल झोपावे म्हणून अफूमिश्रित बाळगोळी देण्याची चाल महाराष्ट्रात बरीच रूढ होती. जेथे डॉक्टर पोहोचला नव्हता तेथे अफू हेच औषध होते आणि सवय जडण्याची वाटही बहुधा तीच होती. १८९३ साली नेमलेल्या शाही अफू आयोगाने १८९५ च्या अहवालात संपूर्ण बंदी अव्यवहार्य ठरविली. व्यसनी माणसावर उपचार कोणी व कोठे करावेत, हा प्रश्न त्या चर्चेत गौणच राहिला.

स्वातंत्र्यानंतर धोरण पालटले. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत औषधाव्यतिरिक्त अफूचे सेवन दहा वर्षांत बंद करण्याचे ठरले व १९५९ पासून ते अमलात आले. नोंदणी झालेल्या व्यसनींना वैद्यकीय कारणास्तव मर्यादित अफू मिळत राहिली. एका अर्थी ही उपचाराची सुरुवात म्हणता येईल. परंतु तीत पुरवठा होता, व्यसनमुक्तीची सोय नव्हती. जुने परवानाधारक वृद्ध होऊन गेले, तशी ही व्यवस्थाही ओसरली. याच सुमारास, १९५६ मध्ये, विदर्भ मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला.

१९८० नंतर मुंबई-पुण्यात ‘ब्राउन शुगर’ या नावाने हेरॉइन पसरले. १९८५ चा अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम कठोर शिक्षांसाठी प्रसिद्ध आहे. मात्र कलम ७१ अन्वये उपचारकेंद्रे स्थापण्याचा अधिकार शासनास देण्यात आला. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केले आणि राज्यात व्यसनमुक्तीस एक आदर्श मिळाला. पण ते पुण्यात होते. पूर्व विदर्भाचा आधार म्हणजे १८६४ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मनोरुग्णालय. व्यसनी म्हणून वेड्यांच्या इस्पितळात जाण्यास कुटुंबे कचरत, यात नवल नाही.

पुढे अधिनियमात ६४-अ हे कलम घालण्यात आले. सेवनाच्या वा अल्प प्रमाणातील द्रव्याच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती शासकीय वा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेईल, तर तिच्यावर खटला भरता येत नाही. या तरतुदीचा लाभ अशी संस्था आवाक्यात असण्यावर अवलंबून आहे, हे उघड आहे. देवरी वा सालेकसा तालुक्यातील मजुराला उपचारासाठी दूर जायचे तर प्रवासखर्चाबरोबर सोबतच्या नातलगाचीही मजुरी बुडते.

गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मद्य व अमली द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित विकारांना मानसिक आजारांत स्थान दिले. ब्युप्रेनॉर्फिन व मेथाडोन या पर्यायी औषधांची योजना प्रामुख्याने द्रव्य टोचून घेणाऱ्यांसाठी, एड्स-नियंत्रण कार्यक्रमाच्या अंगाने वाढली. त्यामुळे ती ग्रामीण जिल्ह्यांकडे फारशी वळली नाही. या वनप्रदेशात मोहाची दारू हीच अधिक व्यापक अडचण आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील मद्याधीन व्यक्तींपैकी ३८ त एकालाच कोणतातरी उपचार मिळाला होता. अवैध द्रव्यांच्या बाबतीत हे प्रमाण २० त एक असे होते. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तेथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ उपक्रमाने तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचाराचे दवाखाने भरविले आणि रुग्णाने केंद्राकडे जाण्याऐवजी केंद्रच त्याच्याजवळ नेले.