पहाटेची होडी आणि दर्यातली बेटे

श्रोते हो, समुद्रातल्या बेटावर जायचे असेल तर होडी पहाटेच का धरावी, एवढाच प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. प्रश्न साधा दिसतो. पण त्याचा माग काढू लागले की माणूस थेट सतराव्या शतकातल्या एका लढाईपर्यंत जाऊन पोहोचतो, आणि मराठ्यांचे आरमार कशाच्या बळावर उभे राहिले, कशामुळे खचले, याचाही थोडा उलगडा होतो.

तुम्ही म्हणाल, "सर, आम्हां नांदेड-लातूरच्या लोकांना समुद्राचं काय घेऊन बसलात? आमची होडी म्हणजे गोदावरीची, तीही पाणी असेल तेव्हा." बरोबर आहे. समुद्र आपल्यापासून चार-पाचशे किलोमीटर दूर. पण तो आपल्याला परका होता असे मात्र समजू नका. लातूरच्या शेजारचे तेर घ्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे एक पुस्तक आहे. दर्यावर्दी व्यापाऱ्यांसाठी लिहिलेला तो वाटाड्याच म्हणा ना. त्यात तेरचे नाव 'तगर' असे येते. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे गाव, आणि तिथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाते, असे तो लेखक सांगतो. म्हणजे आपल्या बालाघाटच्या बाजूला विणलेले कापड परदेशी जहाजात चढत होते. तेरच्या संग्रहालयात ठेवलेल्या वस्तू पाहिल्या म्हणजे हा व्यापार नुसता कागदावरचा नव्हता हे पटते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शिक्षक बंधुभगिनींनी खारे वारे आणि मतलई वारे वर्गात कितीदा तरी शिकवले असतील. जमीन लवकर तापते, लवकर निवते. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते. म्हणून दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो खारा वारा. आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. मुले हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात, कारण आपल्याकडे ते अंगाला लागत नाही. कोकणात मात्र कोळ्याचा सगळा दिवस यावर बेतलेला. पावसाळा सरला की पुढचे सात-आठ महिने रात्रभर आणि पहाटे हा मतलई वारा हलकेच वाहत असतो. तो होडीला किनाऱ्यापासून बाहेर नेतो. लाट तेव्हा लहान असते, पाणी शांत असते. दिवस वर आला की वायव्येकडून खारा वारा जोर धरतो आणि पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागतात. तोच वारा मग होडीला घरी आणतो. जाताना एक वारा, येताना दुसरा. बैलाला चारा नको की इंजिनाला तेल नको!

वाऱ्यासारखीच दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. तिचे गणित तर इतके सोपे आहे की चौथीच्या मुलालाही करता यावे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण होडी काढायला एवढा हिशेब पुरतो. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो. पौर्णिमेच्या दिवशी तिथे कधी चालत जाता येईल आणि कधी होडी लागेल, हे उदाहरण उद्या फळ्यावर घालून पाहा. पाऊणकीचा पाढा मुलांच्या कायमचा लक्षात राहील.

मुंबईच्या बंदरातले घारापुरीचे बेट आपल्या लोकांना सर्वांत सोयीचे. रात्री लातूरला गाडीत बसलेला माणूस सकाळी मुंबईला उतरतो आणि गेटवेवरून पहिली लाँच पकडतो. तासाभराचा प्रवास. सोमवारी लेणी बंद, तेवढे ध्यानात असू द्या. तिथली त्रिमुखी शिवमूर्ती सुमारे सहा मीटर उंच आहे. सहाव्या शतकातली समजतात. ती पाहून आलेल्यांनी एकदा वेरूळचे एकोणतिसावे लेणेही पाहावे, दोहोंची आखणी एका घरातल्या दोन भावंडांसारखी आहे. पोर्तुगिजांनी या बेटाला हत्तीवरून 'एलिफंटा' नाव दिले. तो दगडी हत्ती १८६४ साली इंग्रजांनी हलवू पाहिला तेव्हा फुटला. पुढे तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. या बेटावर वीज पोहोचली २०१८ साली, समुद्राच्या तळातून तार टाकून. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना त्या गावकऱ्यांनी एवढी वर्षे अंधारात काढली, हे आपल्या तांड्या-वस्त्यांवरच्या लोकांना वेगळे सांगायला नको. आणखी एक सांगतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर प्रवासी बोटीची नौदलाच्या वेगवान बोटीशी टक्कर होऊन माणसे बुडाली. मुलांची सहल नेणाऱ्यांनी प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट घातल्याशिवाय होडी सोडू देऊ नये. होडीवाला कुरकुरला तर कुरकुरू द्यावा.

पण ज्या बेटासाठी मी आज बोलायला बसलो, ते खांदेरी. मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी अशी दोन बेटे आहेत. दिसायला लहानशी, खडकाळ. पण मुंबईच्या बंदरात जाणारे-येणारे प्रत्येक जहाज तिथून दिसते. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला माणसे पाठवली. कामावर होते मायनाक भंडारी. मुंबईकर इंग्रज खवळले. हे बेट आमचे, उठून जा, असा त्यांचा निरोप. मायनाक उठले नाहीत.

इंग्रजांनी बेटाभोवती जहाजांचा पहारा बसवला. त्यांची जहाजे मोठी होती, तोफा भारी होत्या, आणि एवढ्याशा बेटावरच्या माणसांचे दाणापाणी तोडले की काम भागेल असा त्यांचा अंदाज होता. कागदावर अंदाज बरोबर होता. चुकला तो वाऱ्यात. मोठे जहाज वाऱ्याचे मिंधे. वारा पडला की ते जागच्या जागी डुलत राहते. मराठ्यांची गलबते लहान, उथळ पाण्यातून जाणारी, आणि वल्ह्यांवरही चालणारी. रात्री वारा मंदावला की थळच्या बाजूने होड्या निघायच्या आणि पहाऱ्यातून निसटून बेटाला लागायच्या. धान्य, चुना, माणसे, दारूगोळा, सगळे असे पोहोचत राहिले. समोर इंग्रज पाहत होते आणि तट रोज थोडा थोडा वर चढत होता. सप्टेंबरात त्यांच्या थॉर्प नावाच्या एका अधिकाऱ्याने बेटावर उतरायचा प्रयत्न केला, तो तिथेच मारला गेला.

मग आला १८ ऑक्टोबर १६७९. दिवस उजाडायच्या सुमारास दौलतखानाच्या हाताखालचे मराठ्यांचे आरमार किनाऱ्याकडून एकदम इंग्रजांच्या जहाजांवर चालून आले. गलबतांचे आकडे चाळीसपासून साठपर्यंत निरनिराळे सांगितले जातात. इंग्रजांची जहाजे सात-आठ. श्रोते हो, वेळ कोणती ती पाहा. पूर्वेच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्याला त्या घटकेला मतलई वारा पाठीशी असतो, आणि तो पडला तरी हातात वल्ही असतात. नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाला मात्र शिडे उभारून तोंड फिरवायलाच वेळ लागतो. अर्ध्या तासात इंग्रजांचे 'डव्ह' हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले आणि बरीचशी जहाजे पळाली. 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजावरचे मिंचिन आणि केग्विन हे दोन कप्तान मात्र हटले नाहीत. त्यांनी तोफा चालवून मराठ्यांची काही गलबते बुडवली आणि बाकीची नागोठण्याच्या खाडीकडे मागे फिरली.

आता हा दिवस कोणाचा? इंग्रज म्हणतात आमचा, आपण म्हणतो आमचा. मला विचाराल तर त्या वादात फारसा अर्थ नाही. लढाईनंतरही रात्रीच्या होड्या थांबल्या नाहीत, हे महत्त्वाचे. पुढे सिद्दीने येऊन उंदेरी बळकावली, दोन्ही बेटांवरून एकमेकांवर तोफा डागल्या जाऊ लागल्या; पण १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तडजोड करून खांदेरीचा नाद सोडला. वारा, भरती आणि काळोख यांचा हिशेब ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता, त्या कोळी-भंडाऱ्यांनी ते बेट राखले. महाराजांचे मोठेपण असे की त्यांनी या माणसांना नुसते वल्ह्याला न बसवता कामाच्या आणि मानाच्या जागा दिल्या.

खांदेरीहून आणखी दक्षिणेला मुरुडजवळ जंजिरा आहे. अरबीत बेटाला 'जझीरा' म्हणतात, त्याचे हे मराठी रूप. सिद्दीचा हा किल्ला शेवटपर्यंत कोणाला मिळाला नाही. १९४८ साली ते संस्थान भारतात विलीन झाले तेव्हाच तिथले राज्य संपले. राजपुरीहून होडीत बसा. दरवाजा कुठे आहे ते अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. याच पाण्यात महाराजांनी पद्मदुर्ग उभा केला. लाय पाटील या कोळ्याची गोष्ट इथलीच. मोरोपंत पेशव्यांच्या फौजेसाठी त्याने रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या आणि वाट पाहत बसला. फौज आलीच नाही. उजाडू लागले तशा त्याने शिड्या काढून घेतल्या. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. तो म्हणाला, दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय करायची? तेव्हा त्याच्यासाठी गलबत बांधून त्याचेच नाव 'पालखी' ठेवले, असे सांगतात. एक पहाट खांदेरीवर साधली, एक पहाट इथे हुकली.

मालवणचा सिंधुदुर्ग तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी झाली. अठ्ठेचाळीस एकरांचे बेट, चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. लोकांना हा चमत्कार वाटतो. चमत्कार नाही. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरला की तो खाली खोल न जाता खाऱ्या पाण्याच्या वर थर धरून राहू शकतो. मात्र बेताने उपसले तरच. अधाशीपणाने उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून ज्या लातूरला पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाने या विहिरींच्या काठावर जरा जास्त वेळ उभे राहावे.

हे सारे आरमार पुढे कान्होजी आंग्र्यांनी वाढवले. १७२९ साली ते वारले. मुलांत भाऊबंदकी लागली. शेवटी तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचे हाडवैर झाले. तुळाजी काही गरीब गाय नव्हता. पेशव्यांनाही त्याने कमी छळले नाही. पण पेशव्यांनी त्याची जिरवायला इंग्रजांची मदत घेतली. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, आणि बंदरात उभी असलेली आंग्र्यांची गलबते जळून खाक झाली. भावकीतल्या भांडणापायी परक्याला बोलावून आपल्याच शेतातली विहीर बुजवून घ्यावी, तसे हे झाले. विजयदुर्ग पेशव्यांना परत मिळाला, आनंदराव धुळपांनी तिथून पुन्हा आरमार चालवले, लढायाही मारल्या. पण इंग्रजांना मुंबईच्या तोंडाशी अडवून धरण्याची ती धमक पुन्हा आली नाही.

खांदेरीवर १८६७ सालचा दीपस्तंभ आहे, वेताळाचे देऊळ आहे. १९९८ साली बेटाला कान्होजी आंग्र्यांचे नाव दिले, आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जे बारा मराठी किल्ले नोंदले त्यांत खांदेरीही आहे, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. जायचे तर नारळी पौर्णिमेनंतर पाऊस पुरता ओसरू द्या, परवानगीची आणि हवेची चौकशी आधी करा, आणि आदल्या संध्याकाळीच थळच्या कोळ्यांशी बोलून ठेवा. तो तुम्हांला आधी तिथी विचारील, मग निघायची वेळ सांगेल. परतायची वेळही त्यालाच ठरवू द्या. अकराच्या सुमारास तो वायव्येकडे पाहील आणि म्हणेल, "चला मास्तर, वारा उठतोय."