प्राध्यापकांच्या वर्गात मागच्या बाकावर कोण बसणार?

शाळेत शिकवायचे तर बी.एड. लागते. महाविद्यालयात शिकवायला पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. पुरते. नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनावर काही प्रश्न असतात खरे, पण ते पर्याय निवडण्यापुरते. वर्गात उभे राहून शिकवण्याचा सराव सक्तीचा नाही. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, असे आपण गृहीत धरले आहे. या गृहीतकाची किंमत बारावीनंतर भाषा बदलून पहिल्या वर्षाच्या वर्गात बसणारी आपली मुले मोजतात आणि कोणाच्याही आधाराशिवाय त्या वर्गासमोर उभा राहणारा तरुण व्याख्याताही मोजतो.

हे कोणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली अहवाल दिला. नव्याने नेमलेल्या व्याख्यात्यांसाठी उद्बोधन वर्ग असावेत आणि मोठ्या विद्यापीठांनी त्यासाठी कायमस्वरूपी ‘स्टाफ कॉलेज’ काढावे, असे त्यात सुचवले होते. ही सूचना वीस वर्षे कागदावर राहिली.

याच वीस वर्षांत आपल्या ओळखीच्या दोन शहरांत एक महत्त्वाचे काम झाले. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. तिथल्या शिक्षणशास्त्र विभागाला १९६३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाकडून प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांचे सहकारी ‘मायक्रोटीचिंग’ म्हणजे सूक्ष्म अध्यापनाची पद्धत घडवत होते. भारतात तिला रूप देण्यात बडोद्याच्या केंद्राचा वाटा मोठा आहे. डॉ. बी. के. पासी यांचे या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक १९७६ साली निघाले. पुढे पासींनी इंदूर विद्यापीठाच्या शिक्षण विभागात हेच काम वाढवले.

पद्धत साधी होती. संपूर्ण तास घ्यायचा नाही. प्रश्न विचारणे, उदाहरण देणे, फळ्याचा वापर अशांपैकी एकच कौशल्य निवडायचे आणि पाच-दहा जणांसमोर सहा मिनिटे शिकवायचे. मग सहा मिनिटे निरीक्षकाने काय दिसले ते सांगायचे. बारा मिनिटांत पाठाची फेरआखणी, सहा मिनिटे पुन्हा शिकवणे आणि सहा मिनिटे पुन्हा चर्चा. एकूण छत्तीस मिनिटे. स्टॅनफर्डमध्ये व्हिडिओ यंत्र आणि खरे विद्यार्थी होते. आपल्याकडे यंत्र परवडणारे नव्हते, म्हणून सहाध्यायीच विद्यार्थी झाले आणि निरीक्षकाच्या हातात तक्ता आला. कमी साधनांत पद्धतीचा गाभा टिकला, कारण तो यंत्रात नव्हता. दुसऱ्याने पाहणे, स्पष्ट सांगणे आणि लगेच पुन्हा करून बघणे यांत तो होता.

ही पद्धत बी.एड.च्या अभ्यासक्रमात कायमची रुजली. पण महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या वाट्याला ती फारशी आली नाही. शाळेच्या शिक्षकाला जे लागते ते प्राध्यापकाला कशाला, ही प्रतिष्ठेची भिंत आड आली असावी असे मला वाटते.

१९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कोठारी आयोगाची सूचना अखेर अमलात आली. १९८७ मध्ये अनुदान आयोगाने देशात ४८ ‘अकॅडमिक स्टाफ कॉलेजे’ मंजूर केली. गोवा, इंदूर, हैदराबाद इथल्या विद्यापीठांतही अशी केंद्रे चालली. नव्यांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि जुन्यांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग. त्यांतून चांगली व्याख्याने झाली आणि दूरदूरचे प्राध्यापक एकमेकांना भेटले, हे श्रेय द्यायला हवे. पण हे वर्ग पदोन्नतीला जोडले गेले आणि प्रमाणपत्राला महत्त्व आले. वर्ग करून परतलेला प्राध्यापक सोमवारी आपल्या तासाला काय वेगळे करतो, हे पाहायला मागच्या बाकावर कोणी बसले नाही. २०२३ मध्ये या केंद्रांना मालवीय मिशनचे नाव मिळाले, पण हा प्रश्न तसाच आहे.

दुसरी वाटही होती. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९६२ साली आपल्याच प्राध्यापकांना अध्यापनात मदत करणारे केंद्र उघडले. वॉशिंग्टन विद्यापीठात १९७०च्या दशकाअखेरीस जोसेफ क्लार्क यांनी एक रीत बसवली. सत्राच्या मध्यावर प्राध्यापकाच्याच विनंतीवरून सल्लागार वर्गात येतो आणि प्राध्यापक बाहेर जातो. विद्यार्थी लहान गटांत बसून शिकायला कशाची मदत होते, कशाची अडचण होते आणि काय बदलावे ते ठरवतात. सल्लागार हे फक्त त्या प्राध्यापकाला सांगतो, वरिष्ठांना नाही. सत्र संपलेले नसते, त्यामुळे बदल त्याच मुलांच्या उपयोगी पडतो. मदत आणि मूल्यमापन वेगळे ठेवले की माणूस आपली अडचण उघड बोलतो. दवाखान्यात आम्हाला हे रोज दिसते: सांगितलेले बाहेर जाणार नाही याची खात्री पटल्यावरच रुग्ण खरे दुखणे सांगतो.

आमच्या जैन परंपरेत पंचपरमेष्ठींमध्ये आचार्य आणि उपाध्याय वेगळे मानले आहेत. संघाचे नेतृत्व आचार्याकडे, शिकवणे उपाध्यायाकडे. शिकवणे हे स्वतंत्र, वंदनीय काम आहे आणि त्याची स्वतंत्र साधना लागते, ही समजूत आपल्या मातीत जुनीच आहे.

म्हणून आपल्या गावांतील निवृत्त प्राध्यापकांपुढे एक विनंती ठेवतो. आपल्यापैकी अनेक घरांत असे एक तरी प्राध्यापक आहेत. त्यांनी प्राचार्यांच्या संमतीने, एखाद्या तरुण व्याख्यात्याने बोलावले तर, त्याच्या वर्गात मागे बसावे. अहवाल लिहू नये. नंतर चहा घेताना दोन चांगल्या गोष्टी आणि एक सुधारण्याजोगी गोष्ट सांगावी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. बडोद्याला आणि इंदूरला जे अध्यापक महाविद्यालयांसाठी जमले, ते इतर महाविद्यालयांत नेण्यासाठी ना अनुदान लागते, ना यंत्र.